हातात ताम्हण, तोंडात चूळ

माझी भावजय रुचिरा जानेवारीतसुद्धा छत्री घेऊन फिरते. लांब दांड्याची, काळी, पुरुषी छत्री. ती उघडलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे, कारण ती टेकत चालण्यासाठी असते. डॉक्टरांनी तिला काठी घ्यायला सांगितली होती. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी हातात काठी घेऊन सोसायटीच्या गेटमधून जायचा तिला धीर झाला नाही, आणि झाला असता तर आम्हीच तिला आधी हसलो असतो. आम्ही म्हणजे तिच्या सासरची माणसं, आणि त्यांत मी पहिली.

मी शुभा, तिची थोरली नणंद. मुलुंडला राहते. एका विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. त्या खात्यात राहून माणसाला एक वाईट खोड लागते. समोरचा म्हणाला दुखतंय, की आपला हात आपोआप पुढे होतो आणि आपण कागद मागतो. कागद असेल तर दुखणं आहे, नसेल तर पुढच्या टेबलाकडे जा. ही खोड मी ऑफिसात ठेवून घरी येते अशी माझी समजूत होती.

रुचिरा आमच्या घरात आली तेव्हाची मला चांगली आठवते. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत घरात वीसेक माणसं होती, आणि ही पोरगी एका हातावर तीन आणि दुसऱ्या हातात दोन अशा पाच कपबश्या घेऊन खुर्च्यांच्या गर्दीतून तरातरा गेली. माझा भाऊ देवेश मला कोपराने ढोसून म्हणाला, "बघितलंस ताई? झकास ना?" दिंडोशीला कोर्टाजवळ एका वकिलाच्या ऑफिसात ती टायपिंग आणि फायली सांभाळायची. वकीलसाहेबांना कुठल्या केसची तारीख कधी आहे हे रुचिराला विचारावं लागायचं. हसरी होती, बोलकी होती आणि चालायची भराभर. मी तिच्याबरोबर बाजारात गेले की मला दम लागायचा.

सहा वर्षांपूर्वी तिला कसलासा ताप आला. ताप आठवड्यात गेला, पण अंगदुखी गेली नाही. खांदे, मान, मांड्या, पाठ, एकेक करत सगळंच दुखायला लागलं. सकाळी उठायची ती रात्रभर पोती वाहिल्यासारखी थकलेली. शब्द आठवेनासे झाले. फ्रिज उघडून उभी राहायची आणि कशाला उघडला ते विसरायची. रक्त तपासलं, फोटो काढले, एमआरआय केला. सगळं नॉर्मल. दीड वर्षं हिंडल्यावर अंधेरीच्या एका सांध्यांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. ते म्हणाले, हे तपासणीत दिसत नाही, पण असतं. गोळ्या आहेत, व्यायाम आहे, झोप सुधारायची, आणि धीर धरायचा.

मला त्यातलं 'दिसत नाही' एवढंच ऐकू आलं.

आईने तर नावाशी झटापटसुद्धा केली नाही. ती त्याला 'ते तिचं' म्हणायची. "आज पुन्हा ते तिचं सुरू झालंय," असं मला फोनवर सांगायची. माझी आई जयंती, वय वर्षं चौऱ्याहत्तर. वाईट बाई नाही. पण तिच्या हिशेबात दुखणं म्हणजे ताप, रक्त, सूज किंवा मोडलेलं हाड. बाकी सगळं मनाचं.

मग तोल जायला लागला.

ही चक्कर नव्हे, असं रुचिरा पुन्हा पुन्हा सांगायची. घर फिरत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. "ताई, मला माझे पाय कुठे आहेत तेच एकदम कळेनासं होतं," ती मला एकदा म्हणाली. "जिना उतरताना एक पायरी उरलीय हे पायाला कळायला हवं ना? मला ते कळतं, पण उशिरा. तोवर मी पुढे गेलेली असते." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, आता हे नवीन.

तिने आपल्यापुरते नियम केले. आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. केस धुताना डोळे मिटावे लागतात, म्हणून तेव्हा पाठ भिंतीला. अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मान झटकन वळवायची नाही, कोणी मागून हाक मारली तर आधी थांबायचं आणि मग अख्खं वळायचं. साडी बंद, निऱ्यांत पाय अडकतो. आणि दोन्ही हात एकदम कधीच भरायचे नाहीत, एक हात कशालातरी धरायला मोकळा हवा. पाच कपबश्या नेणारी बाई आता चहाचा एक कप न्यायची आणि दुसऱ्यासाठी परत यायची. पाहुण्यांसमोर ते फार चमत्कारिक दिसायचं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला ओट्याला धरून एका पायावर उभं राहायला आणि टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला शिकवलं होतं. ती ते रोज करायची, न चुकता. आई म्हणायची, "भरल्या घरात लाद्या मोजत फिरते."

एका दिवाळीत घराला रंग दिला. होळीपर्यंत पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रुचिराच्या बोटांचा. आईने मला मुद्दाम बोलावून तो दाखवला. आम्ही दोघी त्या पट्ट्यासमोर उभ्या राहून रंग फुकट गेल्याबद्दल हळहळलो. एवढा लांब पट्टा उमटायला एका माणसाला किती वेळा भिंत धरावी लागली असेल, हे आमच्या डोक्यात आलं नाही. आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

देवेश सुरुवातीला तिच्याबरोबर सगळ्या डॉक्टरांकडे गेला. नंतर थकला. त्यालाही दोष देता येत नाही. बायको रोज कण्हते, रिपोर्ट रोज चांगले येतात, माणूस कशावर भांडणार? "रिपोर्ट नॉर्मल आहेत यार, म्हणजे चांगलंच आहे ना," असं तो म्हणायचा. मुलगा निहार शिकायला बंगलोरला. वकीलसाहेबांची नोकरी तिने सोडली, कारण वरच्या फळीवरची फाईल काढताना ती दोनदा शिडीवरून घसरली होती. त्यानंतर तिच्याकडे दिवसभर बोलायला माझी आई आणि टीव्ही एवढंच उरलं.

आता गेल्या श्रावणाचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथून झालं.

माझ्या नवऱ्याच्या पुतणीची, गंधालीची, पहिली मंगळागौर मुलुंडला हॉलमध्ये होती. रुचिरा आली, कुडता घालून, छत्री घेऊन. कडेला खुर्चीवर बसली होती. खेळ रंगात आले तशी माझी जाऊ प्रेमा तिच्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे करून म्हणाली, "ऊठ गं, एक फुगडी!" रुचिरा नको नको म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, उठली. माझ्या जावेने तिचे दोन्ही हात गच्च धरले, पायाला पाय लावले, आणि दोघी गरगर फिरल्या. मोजून दोन-तीन मिनिटं. रुचिराचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती हसत होती, सहा वर्षांपूर्वी हसायची तशी.

मी ते बघितलं आणि माझ्यातली दाव्यांच्या खात्यातली बाई ताठ होऊन बसली. म्हणे तोल जातो! फुगडी घातली की हिने! फुगडी संपल्यावर ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली आणि अर्धा तास उठली नाही. तेही मी बघितलं होतं, पण ते मी नोंदवून ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला आणि हसत हसत सगळं सांगितलं. अगदी गंमत म्हणून. आई हसली नाही. "असं होय," एवढंच म्हणाली.

आमच्याकडे गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरचे सात खडे धुऊन ताम्हणात ठेवायचे आणि घरच्या सुनेने ते वाजतगाजत घरात आणायचे. सून अनवाणी. तोंडात पाण्याची चूळ भरलेली, म्हणजे वाटेत एक शब्दही बोलता येऊ नये. दोन्ही हात ताम्हणाला. मागे वळून बघायचं नाही. तिच्यापुढे कोणीतरी घंटा वाजवत चालायचं. दारात तिच्या पायांवर दूधपाणी घालायचं, कुंकवाचं बोट लावायचं, आणि मग गौर कशाच्या पावलांनी आली, असं विचारत तिला घरभर फिरवायचं. आमच्या जुन्या बिल्डिंगीला मागे विहीर होती, खडे तिच्या काठचे असायचे. नवीन टॉवर झाला, विहीर बुजली, आणि कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक बसले. आता शेजारच्या बांधकामावरची खडी देवेश मागून आणतो, ती बागेतल्या नळाखाली ठेवतो आणि तोच आमचा पाणवठा. नर्सरीतले गुळगुळीत पांढरे खडे आईला चालत नाहीत, ते विकतचे आहेत म्हणून.

आजवर गौर आईच आणायची. रुचिरा धडधाकट होती तेव्हाही आईने ताम्हण कधी तिच्या हाती दिलं नव्हतं, तो मान आईला सोडवत नव्हता. पण मे महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अनवाणी तेवढं चालणं तिला शक्यच नव्हतं. मी आणू म्हटलं तर आई म्हणाली, "तू माहेरवाशीण. तू पाहुणी. तू पुढे घंटा वाजव."

गणपती बसले त्या संध्याकाळी रुचिराचा मला फोन आला. असा फोन ती सहसा करत नाही.

"ताई, तुम्ही आईंना सांगाल का? त्या तुमचं ऐकतात. यंदा ताम्हण तुम्ही घ्या ना. मला नाही जमणार."

"का गं? एवढंसं अंतर आहे."

"दोन्ही हात अडकतात ताई. पायात चप्पल नाही, साडी नेसायची, आणि काही झालं तर बोलता पण येणार नाही."

"आणि फुगडी कशी घातलीस मग? तेव्हा नाही गेला तोल?"

मग ती म्हणाली, "फुगडीत समोरच्या बाईनं हात धरलेले असतात हो ताई."

हे वाक्य मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. आणि म्हटलं, "बघू गं, होईल सगळं नीट, उगाच घाबरू नकोस." आईला मी काहीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं, कारण ती खरंच माझं ऐकते. पण रुचिराने एकदा तरी हे करून दाखवावं असं मलाच वाटत होतं. तिचं बरं व्हावं म्हणून नव्हे. माझं बरोबर निघावं म्हणून.

गौरी आवाहनाच्या दिवशी दुपारचा मुहूर्त होता. आई वर नवव्या मजल्यावर दारात खुर्ची टाकून बसली, दूधपाण्याचा तांब्या आणि कुंकवाची कोयरी घेऊन. देवेश आत आरतीची तयारी करत होता. मी आणि रुचिरा खाली बागेत गेलो. तिने हिरवी काठापदराची साडी नेसली होती, निऱ्यांना तीन-तीन पिना लावून. छत्री वरच राहिली होती.

मी नळाखालचे सात खडे धुतले, ताम्हणात मांडले, हळदकुंकू वाहिलं. तिने चूळ भरली. मी ताम्हण तिच्या हातात दिलं. तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं होतं असं मी आता म्हणू शकते, पण तेव्हा मी घंटा उचलली आणि चालायला लागले.

पेव्हर ब्लॉक पार झाले. मागून तिच्या बांगड्या वाजत होत्या, मी मनात म्हटलं, जमतंय की. चार पायऱ्या आल्या. एक, दोन, तीन, चार. बांगड्या वाजल्या. मग लॉबी. आमच्या टॉवरच्या लॉबीत बिल्डरने आरशासारख्या चकचकीत लाद्या घातल्या आहेत, वरचे दिवे खाली दिसतात. तिथे ना कठडा, ना खांब. लिफ्टपर्यंत वीसेक पावलं असतील. मी घंटा वाजवत लिफ्टपाशी पोहोचले, बटण दाबलं, आणि माझ्या लक्षात आलं की मागे बांगड्या वाजत नाहीयेत.

मी वळले. रुचिरा लॉबीच्या मधोमध उभी होती. जागच्या जागी हलत होती, इकडून तिकडे, अगदी थोडीशी. ताम्हण छातीशी धरलेलं, नजर लादीवर खिळलेली, गाल चुळीने फुगलेले. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय झालं? चल ना," मी म्हणाले.

ती कशी बोलणार? मान हलवायचीही तिला भीती वाटत असणार. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी कबूल करते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, नाटक करतेय. एवढी मी निबर झाले होते.

मग तिने चूळ थुंकली. तिथेच, त्या चकचकीत लादीवर, गौर हातात असताना. आणि म्हणाली, "ताई, मला धरा. मी पडतेय."

मी धावले. घंटा कुठे टाकली आठवत नाही. धावले, दोन्ही हात पुढे केले, आणि तिच्या हातातलं ताम्हण धरलं.

ताम्हण. तिला नाही.

ताम्हण सुटलं तशी ती डाव्या अंगावर गेली. हाताचा आवाज झाला. वाळकी काटकी मोडावी तसा. ताम्हणातला एक खडा हलला नाही.

आमचा वॉचमन सहदेव केबिनमधून पळत आला. त्याने तिला उठवून भिंतीशी बसवलं. वर इंटरकॉम त्यानेच केला, कारण माझ्या दोन्ही हातांत गौर होती आणि ती खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं. "काय झालं मॅडम?" त्याने विचारलं. मी लादीवरच्या पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाणी सांडलं होतं. पाय घसरला." देवेश खाली आला, त्यालाही तेच सांगितलं. रुचिरा ऐकत होती.

देवेश तिला घेऊन दवाखान्यात गेला आणि मी ताम्हण वर नेलं. आईने आधी खडे मोजले. सात भरल्यावर मग विचारलं, "हिला फार लागलं का गं?"

मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. दवाखान्यातून एक्स-रे घरी आला. देवेशने तो खिडकीशी धरून सगळ्यांना दाखवला. हाडात मधोमध एक रेघ होती. आईने चष्मा लावून ती बघितली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही बघितली. एवढ्या वर्षांत रुचिराच्या दुखण्याचा पहिला कागद आमच्या हाती आला होता.

आणि मग घरच बदललं. आई, जी गुडघ्यामुळे स्वतः पाय ओढत चालत होती, ती रोज सकाळी रुचिराच्या मागे बसून तिची वेणी घालायला लागली. जेवणाचं ताट तिच्यासमोर यायला लागलं. देवेश ऑफिसातून दोनदा फोन करायचा. नात्यातल्या ग्रुपवर पन्नासएक निरोप आले, काळजी घे, लवकर बरी हो, जोडलेल्या हातांची आणि फुलांची चित्रं. बायका शहाळी घेऊन भेटायला आल्या. रुचिराला भेटायला! एवढ्या वर्षांत तिच्या दुखण्यासाठी कोणी दारात आलं नव्हतं. बाहेर निघाली की सहदेव गेट धरायचा, पायऱ्यांवर कोणी ना कोणी तिच्या कोपराला हात लावायचं. ती छत्री न घेता चालायला लागली, कारण शेजारी कायम माणूस असायचं.

तिचा चेहरा उजळला. खरंच सांगते, हात मोडलेली बाई अशी मी पाहिली नव्हती. मी दर रविवारी जायचे. एकदा आम्ही दोघीच होतो तेव्हा मी धीर करून म्हटलं, "रुचिरा, मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की तू घसरलीस."

"असू दे ताई," ती म्हणाली. "घसरणं सगळ्यांना कळतं."

"खूप दुखतं का हात?"

ती हसली. "हाताचं काहीच नाही हो. बाकीच्या अंगाचं विचारा."

मी विचारलं. ती सांगत होती आणि मी पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकत होते. रात्री कूस बदलताना काय होतं, कपड्याची शिवणसुद्धा कशी टोचते, आणि पडायची भीती पडण्यापेक्षा कशी वाईट. घरातून निघतानाच ती मनात आखते म्हणे, कुठे काय धरायला मिळेल. दुकानाचं शटर, उभी रिक्षा, भाजीवाल्याची गाडी. हे सगळं घडत असताना मी कित्येकदा तिच्या शेजारून चालले होते आणि तिच्या हळूपणावर चिडले होते.

दिवाळीच्या आधी प्लास्टर काढायची तारीख आली. देवेशला सुट्टी नव्हती, मी गेले. डॉक्टरांनी कापायचं मशीन हातात घेतलं, तशी रुचिरा म्हणाली, "डॉक्टर, अजून पंधरा दिवस ठेवता येईल का?"

"का? दुखतंय?"

"नाही. असंच."

डॉक्टर हसले. "अहो, लोकांना काढायची घाई असते. हाड छान जुळलंय, एकदम नॉर्मल." आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला रडू फुटत होतं. या बाईला तो पांढरा, जड, घामट पट्टा अजून पंधरा दिवस हवा होता. तो असेपर्यंतच आम्ही तिला धरणार होतो. प्लास्टरमधून हात बाहेर आला, बारीक, फिकट, कातडी सुटलेला. तिने तो ओढणीत झाकून घेतला.

घरी आईने दार उघडलं. तिने आधीच वाटीत साखर काढून ठेवली होती. ती रुचिराच्या मोकळ्या हातावर ठेवली. देवेशही नुकताच आला होता, शर्टाच्या बाह्या दुमडत उभा होता.

"सुटलीस बाई," आई म्हणाली, आणि तिला खराच आनंद झाला होता. "दिवाळीच्या आत सुटलीस. मला काळजी होती. आता उद्यापासून ओटा तुझा, चकल्या तुझ्याच हातच्या. बरी झालीस एकदाची."

"हो आई," रुचिरा म्हणाली.

"ती बरी झालेली नाही," मी म्हणाले.

"म्हणजे? प्लास्टर निघालं ना?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं, एका दमात, उभ्या उभ्याच. ती घसरली नव्हती, पाणी नंतर सांडलं. तिला आधीपासून कळत होतं की हे जमणार नाही, तिने मला फोन करून सांगितलं होतं, आणि मी ते तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. लॉबीत ती हलत होती, रडत होती. मला म्हणाली, ताई मला धरा, मी पडतेय. "आणि मी ताम्हण धरलं, आई. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तिला धरता आलं असतं. मी खडे वाचवले."

देवेश माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने मान खाली घातली. आई हळूहळू खुर्चीत बसली. साखरेची वाटी तिच्या मांडीवर होती. कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. मी दोन्हीला तयार होते.

"पण तिच्या तोंडात चूळ होती ना?" आई शेवटी म्हणाली. "मग ती बोलली कशी?"

रुचिरा दाराच्या चौकटीशी उभी होती, हातावरची साखर तशीच.

"थुंकून टाकली, आई," ती म्हणाली. "मला पडायचं नव्हतं."